सल्ला : विषशास्त्र, औषध-सुरक्षा की प्रजनन आनुवंशिकी?

तासगाव तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्रातील मुख्य मजकूर असा :

"मी यंदा सांगलीत प्राणिशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केले. घरी अडीच एकर द्राक्षबाग आहे. पुण्याजवळच्या एका औषध-चाचणी प्रयोगशाळेत मला नोकरी मिळत आहे. तिथे नव्या औषधांच्या आणि कीडनाशकांच्या विषारीपणाच्या चाचण्या उंदीर-सशांवर होतात. दुसरीकडे एका विद्यापीठातील मार्गदर्शक मला पीएच.डी.ला घ्यायला तयार आहेत. स्त्रीबीजात गुणसूत्रांच्या वाटणीत होणाऱ्या चुका हा त्यांचा विषय आहे. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा मी अजून उत्तीर्ण झालेले नाही. मला दोन्हींत गोडी आहे, पण आमचे सर म्हणतात की विषशास्त्र, औषध-सुरक्षा आणि आनुवंशिकी ही तीन वेगळी क्षेत्रे आहेत, एक धर आणि बाकीची सोड. आईला वाटते की रसायनांत काम केल्याने पुढे मूल होताना अडचण येईल. घरात माळकरी परंपरा आहे, आजोबांना जिवांना मारण्याचे काम पटत नाही. वडील काही बोलत नाहीत, पण एवढे शिकून मुलगी सांगलीला परत येणार नाही, हे त्यांच्या मनात आहे. मी काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

औषधांची गर्भावर काय क्रिया होते हे तपासण्यात माझी बहुतेक नोकरी गेली. निवृत्तीनंतर मी सांगलीच्या विश्रामबागेत राहायला आलो. त्यामुळे तुमचे पत्र मी जरा अधिक आस्थेने वाचले. माझे मत आधीच सांगतो : पुण्याजवळची नोकरी स्वीकारा, ती दोन वर्षे मन लावून करा, त्याच काळात नेटचा अभ्यास चालू ठेवा आणि नंतर पीएच.डी.ला जा. जाताना मात्र प्रश्न स्वतःचा घेऊन जा. हे मत मी का देतो, ते सविस्तर सांगायला हवे, कारण तुमच्या सरांनी सांगितलेले नेमके उलट आहे आणि तेही तुमच्या हिताचेच सांगत आहेत.

विद्यापीठातील विभाग आणि नोकरीच्या जाहिराती पाहिल्या तर ही तीन क्षेत्रे खरोखरच वेगळी दिसतात. त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र एकच आहे. कोणताही पदार्थ विष ठरतो तो मात्रेमुळे, हे तुम्हाला पहिल्याच तासाला शिकवले असेल. गर्भ, शुक्राणू आणि स्त्रीबीज यांच्या बाबतीत मात्रेइतकीच वेळही निर्णायक असते, आणि ही वेळ कधी दिवसांत, कधी महिन्यांत, तर कधी पिढ्यांत मोजावी लागते. किती, कधी आणि कोणत्या पेशीला, एवढेच विचारायचे असते. त्याचे उत्तर शोधायला विषशास्त्र लागते, औषध-सुरक्षेची शिस्त लागते आणि आनुवंशिकीही लागते.

एका शास्त्रज्ञेची कारकीर्द यासाठी पाहण्यासारखी आहे. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवून गोड द्रव म्हणून विकले गेले आणि शंभरांहून अधिक माणसे मेली, त्यांत बरीच मुले होती. मृत्यूचे कारण शोधणाऱ्या शिकागोच्या प्रयोगशाळेत फ्रान्सिस केल्सी नावाची विद्यार्थिनी काम करीत होती. प्राण्यांवर त्या द्रावकाचा परिणाम तपासणे, हा तिचा विषशास्त्राचा पहिला धडा. पुढे युद्धकाळात मलेरियाच्या औषधांवर काम करताना तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाहिले की सशाचे शरीर क्विनाइन झपाट्याने मोडते, गाभण सशीण ते कमी मोडते आणि तिच्या पोटातील भ्रूणाला तर ते जवळजवळ मोडताच येत नाही. आईला सोसणारे औषध गर्भाला सोसेलच असे नाही, हे तिने स्वतःच्या हातांनी मोजलेले होते. नंतर ती वैद्यक शिकली आणि १९६० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनात रुजू झाली. सुरुवातीलाच तिच्या टेबलावर थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा अर्ज आला.

पश्चिम जर्मनीत हे औषध १९५७ पासून विकले जात होते, अत्यंत सुरक्षित म्हणून आणि गरोदरपणातील मळमळीवरही. केल्सीबाईंनी अर्ज अडवून धरला. दीर्घकाळ घेणाऱ्यांत मज्जातंतूंना इजा का होते, आणि गर्भावर काय परिणाम होतो याचा पुरावा कुठे आहे, असे त्या विचारत राहिल्या. कंपनीचा दबाव होता, तरी त्या हटल्या नाहीत. १९६१ च्या नोव्हेंबरात जर्मनीत औषध मागे घेतले गेले, तोपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक मुले हात-पाय न वाढलेली, कान वा हृदय सदोष असलेली जन्मली होती. धोका गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसापर्यंतच होता. त्या दिवसांत घेतलेली एक गोळीदेखील पुरत होती, आणि त्यानंतर घेतलेल्या अनेक गोळ्यांनी हातापायांना काही होत नव्हते. मी वर वेळेबद्दल जे म्हणालो, त्याचा इतका स्पष्ट आणि इतका क्रूर पुरावा दुसरा नाही.

याच औषधाने आणखी एक गोष्ट शिकवली, जी तुम्हाला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडेल. उंदरांच्या गर्भावर थॅलिडोमाइडचा परिणाम फारसा होत नाही, सशाच्या गर्भावर होतो. म्हणून आज नव्या औषधाची गर्भचाचणी साधारणपणे दोन जातींच्या प्राण्यांत करतात, एक उंदरासारखा कृंतक आणि दुसरा बहुधा ससा. तुमच्या हातात सशांचे पिंजरे येतील तेव्हा ते तिथे का आहेत, हे तुम्हाला माहीत असले पाहिजे. औषधाची जी क्रिया गर्भाला घातक ठरते, तिचे मूळ मात्र फार उशिरा कळले. सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला ते चिकटते, हे २०१० मध्ये समजले. तोवर त्याच औषधाला कुष्ठरोगातील तीव्र दाहावर आणि पुढे अस्थिमज्जेच्या कर्करोगावर जागा मिळालेली होती. वाईट औषध आणि चांगले औषध अशी वाटणी आपल्या शास्त्रात करता येत नाही. कोणाला, केव्हा आणि कोणत्या देखरेखीखाली, असेच बोलावे लागते.

आता तुमच्या आवडीच्या विषयाकडे, म्हणजे बीजपेशींकडे येतो.

पुरुषाच्या शरीरात शुक्राणू पूर्ण तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. आज झालेल्या इजेचा परिणाम म्हणून दोन-अडीच महिन्यांनी दिसू शकतो, आणि मूळ पेशी शाबूत असतील तर भरूनही निघू शकतो. स्त्रीचे तसे नाही. तिची सारी बीजे ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात, अर्धवट विभागणीच्या अवस्थेत थांबतात आणि वीस, तीस, चाळीस वर्षे तशीच राहतात. म्हणजे गरोदर बाईच्या शरीरात एखादे रसायन गेले तर ती स्वतः, तिच्या पोटातील मुलगी आणि त्या मुलीच्या बीजांतून पुढे जन्मणारे नातवंड, अशा तीन पिढ्यांना ते एकाच वेळी पोहोचते. ही अतिशयोक्ती नव्हे. गर्भपात टाळण्यासाठी अनेक दशके दिल्या गेलेल्या डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम संप्रेरकाचा परिणाम ज्यांनी ते घेतले त्या स्त्रियांत दिसला नव्हता. त्यांच्या मुलींत, वयात आल्यावर, योनिमार्गाच्या एका दुर्मीळ कर्करोगाच्या रूपाने तो १९७१ मध्ये उघड झाला. औषध दिले तेव्हा आणि परिणाम दिसला तेव्हा, यांत एक अख्खे बालपण गेले होते.

तुमचे होऊ घातलेले मार्गदर्शक स्त्रीबीजातील गुणसूत्रांच्या वाटणीवर काम करतात, असे तुम्ही लिहिले आहे. या विषयातील एक प्रसिद्ध शोध प्रयोगशाळेतील नोंदींमुळे लागला. १९९८ साली अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत निरोगी उंदरिणींच्या बीजांतील गुणसूत्रांची गडबड एक-दोन टक्क्यांवरून अचानक चाळीस टक्क्यांपर्यंत गेली. शोध घेता घेता कळले की प्लास्टिकचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या भलत्याच, तीव्र द्रावणाने धुतल्या गेल्या होत्या. त्यामुळे प्लास्टिक झिजून बिस्फेनॉल-ए नावाचे रसायन बाहेर पडत होते. ते स्वतंत्रपणे देऊन पाहिल्यावर तसाच परिणाम दिसला, आणि २००३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ज्या प्रयोगशाळेत नियंत्रण गटाच्या, म्हणजे रसायन न दिलेल्या प्राण्यांच्या, आकड्यांची वर्षानुवर्षांची नोंद नसते, तिथे हा बदल "या वेळी प्रयोग फसला" म्हणून कचऱ्यात गेला असता. तुम्हाला आधी नोकरी करा म्हणतो, त्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

अशा चाचणी प्रयोगशाळेत 'उत्तम प्रयोगशाळा कार्यपद्धती' नावाची शिस्त असते. आपल्या देशात विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतील प्राधिकरण तिचे प्रमाणपत्र देते. अशा चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांनी मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत २०११ पासून पूर्ण सहभागी असल्याने इथे झालेला अभ्यास इतर सदस्य देशांना मान्य करावा लागतो. तिथे तुम्ही कोणती गाभण उंदरीण केव्हा तोलली, किती मात्रा दिली, अंडाशयातील पीतपिंड (बीज सुटल्यावर त्या जागी उरणाऱ्या गाठी) किती, रुजलेले गर्भ किती आणि गळालेले किती, हे त्याच क्षणी, सही-तारखेसह लिहाल. खोडायचे झाले तर एक रेघ मारून कारण लिहाल. गर्भाचा सांगाडा ॲलिझरीनने लाल रंगवून एकेक बरगडी मोजाल, आणि पुष्कळदा तो कोणत्या गटातला हे तुम्हाला ठाऊक नसेल. काम कंटाळवाणे वाटेल. पण अशा चाचणीतून जी मात्रा निरुपद्रवी ठरते, तिला सर्वसाधारणपणे शंभराने भागून माणसाने रोज आयुष्यभर घेतली तरी चालेल अशी मर्यादा काढतात : दहा पट माणूस आणि प्राणी यांतील फरकासाठी, दहा पट माणसामाणसांतील फरकासाठी. तुमच्या वडिलांच्या द्राक्षांतील अवशेष खाणाऱ्याला सोसतील की नाही, हे शेवटी याच मर्यादेवर तपासले जाते. २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अवशेष निघाले आणि युरोपात माल अडकला, तेव्हा तुम्ही शाळेत असाल, पण घरात त्याची चर्चा झाली असेल. मॅन्कोझेबसारखे, द्राक्षावरच्या डाऊनी या बुरशीरोगावर आपल्याकडे सर्रास मारले जाणारे बुरशीनाशक प्रजननाला घातक ठरवून युरोपीय संघाने २०२० च्या अखेरीस त्याची मान्यता पुढे चालू ठेवायला नकार दिला. त्या निर्णयामागेही अशाच चाचण्या आहेत. द्राक्षबागेतून आलेल्या मुलीने हा अभ्यास केला, तर कागदावरचे आकडे आणि बागेतली फवारणी यांतील अंतर तिला इतरांपेक्षा लवकर दिसेल, अशी माझी खात्री आहे.

नुसती शिस्त मात्र पुरत नाही, आणि म्हणूनच मी दोन वर्षांनंतर पीएच.डी. म्हणतो. सूत्रकृमींवरचे डीबीसीपी हे रसायन कॅलिफोर्नियात द्राक्षबागांतही वापरले जात असे. १९६१ सालीच प्राण्यांवरील अभ्यासात वृषणे आक्रसल्याचे प्रसिद्ध झाले होते. तरी ते बनत राहिले आणि वापरले जात राहिले. १९७७ मध्ये एका कारखान्यातील कामगारांच्या लक्षात आले की त्यांच्यांतील अनेकांना मुले होत नाहीत. तपासणीत कित्येकांच्या वीर्यात शुक्राणू अगदी कमी, तर काहींत अजिबात नव्हते. त्यानंतर दोन वर्षांत अमेरिकेत त्याचे बहुतेक वापर बंद झाले. आकडा सोळा वर्षे छापलेला होता. त्याचा अर्थ बीजपेशींच्या भाषेत लावून, "ज्या मूळ पेशी मेल्या त्या परत येणार नाहीत" असे ठामपणे सांगणारे माणूस त्या जागी नव्हते, किंवा असले तरी त्याचे कोणी ऐकले नाही. आकडे नीट गोळा करणारे आपल्याकडे आता बरेच आहेत. त्यामागचे जीवशास्त्र जाणणारे आणि वेळेवर बोलणारे कमी आहेत. तुम्ही त्यांतल्या व्हावे, असे मला मनापासून वाटते.

आनुवंशिकीच्या बाजूला अजून किती काम उरले आहे, तेही सांगतो, म्हणजे विषय संपला असे वाटणार नाही. रसायनाने जनुके बदलतात हे शार्लट ऑएरबाख यांनी मस्टर्ड या युद्धातील विषारी वायूवर १९४० च्या दशकात दाखवले. रसायनाने जनुके बदलतात का हे जिवाणूंवर तपासणारी एम्स चाचणी १९७३ पासून आहे आणि ती तुम्ही एम.एस्सी.त शिकला असाल. उंदरांत बीजपेशींतील बदल पुढच्या पिढीत जातात हेही सिद्ध आहे. परंतु माणसांत काय होते, याचे उत्तर अजून धूसर आहे. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांचा अनेक दशके अभ्यास होऊनही आनुवंशिक विकारांत स्पष्ट वाढ दिसलेली नाही. मात्र २०२२ मध्ये ब्रिटनमधील जवळजवळ बावीस हजार कुटुंबांच्या जनुकसंचांच्या अभ्यासात, नेहमीपेक्षा कितीतरी अधिक नवे बदल असलेली जी मोजकी मुले सापडली, त्यांतील काहींच्या वडिलांनी मूल होण्यापूर्वी कर्करोगावरची रसायने घेतली होती. संख्या फार लहान आहे, पण प्रश्न खुला आहे, आणि तो सोडवण्याची साधने तुमच्या पिढीच्या हाती आली आहेत.

औषध-सुरक्षेतही असेच. २०१८ मध्ये रक्तदाबावरच्या वलसार्टनच्या गोळ्यांत एनडीएमए हे जनुकांना इजा करून कर्करोग घडवू शकणारे नायट्रोसामाइन सापडले. ते निर्मितीच्या बदललेल्या पद्धतीतून अशुद्धी म्हणून उतरले होते. तेव्हापासून प्रत्येक औषध कंपनीला जनुकविषारीपणा खऱ्या अर्थाने समजणारी माणसे लागतात. ही दोन विषयांच्या सांध्यावरची जागा आहे. एकच विषय धरणाऱ्याला ती अवघड जाते.

आजोबांच्या म्हणण्याला मी हलके लेखणार नाही आणि तुम्हीही लेखू नका. तुम्ही ज्या कामाला निघाला आहात, त्यात प्राणी मारले जातात. गाभण उंदरीण आणि सशीण बाळंत होण्याच्या आदल्या दिवशी-दोन दिवशी मारून गर्भ तपासले जातात. हे त्यांच्यापासून लपवून नोकरी धरू नये. त्यांना हेही सांगावे की प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखालील समितीकडे नोंदणी आणि संस्थेच्या आचारसमितीची मंजुरी असल्याशिवाय एकही प्रयोग करता येत नाही. शक्य तिथे प्राणी टाळणे, संख्या कमी करणे आणि वेदना कमी करणे हे तत्त्व रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडले आणि आज ते नियमांत आहे. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस कायदा बदलला, आपल्या सरकारने २०२३ मध्ये औषध-चाचणीच्या नियमांत दुरुस्ती केली, आणि पेशींवरच्या व संगणकीय पद्धतींना वाट मोकळी झाली. झेब्राफिश या छोट्या माशाची अंडी, मानवी मूळ पेशी, अवयवांची सूक्ष्म प्रतिरूपे यांवर काम वाढते आहे. गर्भाच्या पूर्ण वाढीला मात्र यांपैकी कशानेही अजून पूर्ण पर्याय दिलेला नाही. तुम्हाला स्वतःला प्राण्यांचे काम सोसवत नसेल, तर नोकरी स्वीकारण्यापूर्वीच जनुकविषशास्त्र विभाग मागून घ्या. तिथे बराच भाग जिवाणू आणि पेशींवर चालतो, पण गुणसूत्रांची मोडतोड दाखवणाऱ्या सूक्ष्मकेंद्रक चाचणीसाठी तिथेही उंदीर लागतात. मन मारून केलेल्या कामात नोंदी नीट होत नाहीत आणि त्या जिवाचे जाणे वाया जाते, एवढे माझे स्पष्ट मत आहे.

आईची काळजी शास्त्राला धरून आहे. चाचणी प्रयोगशाळेत सायक्लोफॉस्फामाइड, मायटोमायसिन-सी अशी जनुकांना निश्चित इजा करणारी द्रव्ये तुलनेसाठी मुद्दाम वापरतात, ऊतींच्या विभागात फॉर्मॅलिन आणि झायलीन असते. ही द्रव्ये शोषक कपाटात, योग्य हातमोजे घालून, ठरलेल्या पद्धतीने हाताळली तर धोका फार कमी होतो. पण कमी होणे म्हणजे शून्य होणे नव्हे, आणि गर्भाचे अवयव तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतात, म्हणजे अनेकदा दिवस गेल्याचे कळते तेव्हा हा काळ सुरू झालेला असतो. म्हणून पुढे लग्न झाल्यावर, मूल हवे असा विचार केल्याबरोबर, दिवस राहण्याआधीच सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि त्या काळापुरते काम बदलून घ्या. यात संकोच करण्यासारखे काही नाही. ज्या ठिकाणी असे विचारल्यावर कपाळाला आठ्या पडतात, ते ठिकाण सोडलेले बरे.

त्याच श्वासात आईला आणखी एक सांगा. ब्लोअरवर, म्हणजे फवारणी यंत्रावर बसून उघड्या तोंडाने औषध मारणारे वडील, ऑक्टोबर छाटणीनंतर उघड्या हातांनी पेस्टिंग करणाऱ्या, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काड्यांना रसायन लावणाऱ्या मजूर बायका, यांच्या अंगावर येणारे रसायन तुमच्या प्रयोगशाळेतल्यापेक्षा पुष्कळ अधिक असते. पेस्टिंगचे हायड्रोजन सायनामाइड कातडीतून शरीरात शिरते आणि मद्य पचवण्याच्या क्रियेत अडथळा आणते, म्हणून त्या दिवशी दारू घेतलेल्या माणसाची छाती धडधडते, चेहरा लाल होतो आणि प्रकृती गंभीर होऊ शकते. गरोदर बाईला पेस्टिंगला किंवा फवारणीच्या दिवशी बागेत पाठवू नये. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपल्याच राज्यात घडले. तुमच्या शिक्षणाचा पहिला उपयोग तुमच्याच बांधावर व्हावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

वडिलांच्या मनातील प्रश्नाचे उत्तर, परत येता येते, असे आहे, पण मूळ संशोधन करायचे असेल तर काही वर्षे बाहेर काढावी लागतील. परळची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था, लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था, हैदराबादची पेशी व रेणवीय जीवशास्त्राची संस्था, पुण्याजवळच्या मांजरी गावचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ही नावे लक्षात ठेवा. परळच्या संस्थेच्या साहाय्यानेच १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूने मुंबईत प्रयोगशाळेतील गर्भधारणेतून जन्म घडवून आणला होता. इकडे परतल्यावर मिरज-सांगलीत कामाला तोटा नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारी केंद्रे राष्ट्रीय कार्यक्रमाखाली चालतात. वंध्यत्व उपचार केंद्रांना २०२१ च्या कायद्यानंतर पात्र भ्रूणतज्ज्ञ लागतात. आपल्या सीमाभागात मामाच्या मुलीशी आणि मामा-भाचीचे विवाह अजून होतात. अशा जोडप्यांना, विशेषतः घरात आधी एखादे बाळ विकाराने गेले असेल तेव्हा, आनुवंशिक सल्ला देणारी, त्यांना न दुखवता मराठीत आणि कानडीत समजावणारी माणसे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

याच जिल्ह्यात, म्हैसाळला, २०१७ साली ओढ्यात पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले होते. प्रजननाचे तंत्र शिकणाऱ्या प्रत्येकाने, आणि सांगलीच्या मुलीने तर नक्कीच, हे विसरू नये. गर्भलिंग निदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा अभ्यासक्रमाच्या शेवटी चार गुणांसाठी असतो. तो आधी वाचा.

आता व्यवहाराचे. नेट उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. ही शिष्यवृत्ती नसताना मार्गदर्शकाच्या प्रकल्पावर पीएच.डी. सुरू केली, तर प्रकल्प संपल्यावर मध्येच पैसे थांबतात आणि घरून लग्नाचा आग्रह त्याच वेळी वाढतो, हे मी अनेक हुशार मुलींच्या बाबतीत पाहिले आहे. नोकरीतली दोन वर्षे तुम्हाला त्यासाठीही हवी आहेत. विद्यापीठातील मार्गदर्शकांना आजच प्रामाणिकपणे कळवा की तुम्ही नेट देऊन दोन वर्षांनी येऊ इच्छिता. चांगला मार्गदर्शक रागावणार नाही. दरम्यान त्यांच्याकडे आधी काम केलेल्या दोघा-तिघांना भेटून विचारा की पदवी मिळायला किती वर्षे लागली आणि शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे लागले. नोकरीत पगारवाढ होत राहील आणि तिसऱ्या वर्षी सोडवणार नाही, हा धोका आहे. तो टाळायचा असेल तर पहिल्या वर्षापासून एक वही स्वतंत्र ठेवा. कंपनीची माहिती तिच्यात उतरवायची नाही, तो गुपिताचा भंग होईल. मनात आलेले आणि अहवालात न मावणारे प्रश्न तेवढे लिहा. पीएच.डी.चा विषय त्यातूनच निघेल.

पुण्याच्या प्रयोगशाळेला होकार देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या : त्यांचे कार्यपद्धतीचे प्रमाणपत्र प्रजनन-विषशास्त्राच्या चाचण्यांसाठी आहे का, तुम्हाला एखादा अभ्यास आराखड्यापासून अंतिम अहवालापर्यंत पूर्ण पाहायला मिळेल का, आणि गरोदर कर्मचाऱ्यांच्या कामाबाबत त्यांचा नियम काय आहे. पहिल्या दोहोंपैकी एकाचे उत्तर नकारार्थी आले तर मला पुन्हा लिहा, तेव्हा सल्ला बदलावा लागेल. तिसऱ्याचे उत्तर देता आले नाही, तर नकार कळवून दुसरी प्रयोगशाळा पाहा.